हेमलकशाहून आल्यापासून जास्त द्यावंसं वाटतंय, पण किती, कुठे आणि कसं?

नमस्कार. प्रश्न बराच मोठा होता म्हणून मला काय समजलं ते आधी लिहिते, चुकलं असेल तर दुरुस्त करा. वय ३१, पुण्यात आयटीत नोकरी, हातात ६८ हजार येतात, त्यातले २४ हजार फ्लॅटचा हप्ता आणि १० हजार लातूरला आईवडिलांना. डिसेंबरात मित्रांबरोबर आनंदवन, हेमलकसा आणि शोधग्राम बघून आलात आणि तेव्हापासून चैन नाही. सध्या एका मोठ्या संस्थेला महिना ५०० कट होतात, ते पण मॉलच्या दारात एका पोराने फॉर्म भरून घेतला म्हणून. आता मनात आहे की ५० हजार एकदम द्यायचे, मग दर महिन्याला पगाराचा तिसरा हिस्सा, आणि जमलंच तर नोकरी सोडून अशाच कुठल्यातरी कामाला लागायचं. लग्नाचं बघणं चालू आहे. न्यू जर्सीतला एक मित्रही पैसे टाकायला तयार आहे. आणि अगदी शेवटच्या ओळीत आईचा प्रश्न, घरातले जुने कपडे कुठे द्यायचे.

मी २३ वर्षं एका छोट्या संस्थेत हिशेब आणि देणग्या बघते. बीड-नगरच्या पट्ट्यात ऊसतोडीला जाणाऱ्या लोकांच्या मुलांचं वसतिगृह आहे, ७० च्या आसपास मुलं. संस्थेचं नाव देत नाही, नाहीतर या उत्तराची जाहिरात होईल. म्हणजे मी देणाऱ्याच्या बाजूने नाही तर घेणाऱ्याच्या टेबलामागून बोलतेय, हे लक्षात ठेवून वाचा.

तुम्ही विचारलंय किती द्यायचं. पण मला तुमची खरी अडचण वेगळी वाटते. आत्ता जो जोर आलाय तो जूनपर्यंत टिकेल का, याची तुम्हालाच आतून शंका आहे, म्हणून तो असतानाच मोठा आकडा टाकून मोकळं व्हायचंय. राग मानू नका. जानेवारी उजाडला की आमच्याकडे असे फोन सुरू होतात, सहली संपलेल्या असतात ना. बोलणारा अगदी गहिवरून बोलतो, मी नाव-नंबर लिहून घेते, आणि त्या वहीतल्या दहा नावांमधली एक-दोनच पुढच्या जानेवारीत आमच्या संपर्कात असतात. बाकीचे लोक वाईट नसतात हो. आरंभशूर असतात, आपण सगळेच असतो.

यात त्या जागांचाही थोडा हात आहे. आनंदवन बाबा आमट्यांनी १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या माळरानावर सुरू केलं, तेव्हा बरोबर ६ कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये होते असं सांगतात. हेमलकशाचं काम १९७३ चं. शोधग्रामचे डॉ. अभय आणि राणी बंग गडचिरोलीत आले १९८६ ला. म्हणजे तुम्ही चार दिवसांत जे पाहिलंत ते उभं राहायला चाळीस ते पंच्याहत्तर वर्षं गेलीत. माणूस ते एकदम बघतो आणि त्याला वाटतं आपणही एकदम काहीतरी केलं पाहिजे, महिना दोन हजार म्हणजे अगदीच चिल्लर वाटायला लागतात.

आता आकड्यांवर येऊ. ६८ मधून हप्ता, घरचे पैसे आणि तिसरा हिस्सा गेला की तुमच्याकडे उरतात जेमतेम सव्वाअकरा हजार. पुण्यात. त्यात सोसायटीचा मेंटेनन्स, पेट्रोल, जेवणखाण, मोबाईल. हे तीन महिने चालेल, चौथ्या महिन्यात तुम्ही ते बंद कराल, आणि बंद केल्याची लाज वाटते म्हणून मग संस्थेचे फोनही उचलणार नाही. हे मी अंदाजाने लिहीत नाहीये, असे फोन मीच लावते.

काही गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत आणि उत्तर त्यांच्यावर बरंच अवलंबून आहे. आईवडिलांचा मेडिक्लेम आहे का? नोकरी गेली तर किती महिने निभावेल? आमच्याकडे एकदा एका गृहस्थांनी १ लाखाचा चेक दिला, फार आनंदाने, बायकामुलांना घेऊन आले होते. चार महिन्यांनी त्यांचा फोन, वडिलांची बायपास करायची आहे, ते पैसे थोडे दिवस परत मिळतील का. आवाज असा की मला बोलवेना. पावती फाडलेली, पैसे हिशेबात जमा, ट्रस्टच्या पैशाला असा परत द्यायला हात लावता येत नाही. शेवटी विश्वस्तांनी आणि आम्ही दोघी-तिघींनी खिशातून गोळा करून ४० हजार उसने दिले. त्यांनी ते फेडले, पण पुन्हा आमच्याकडे आले नाहीत, त्यांना अवघडल्यासारखं झालं असणार. त्यामुळे माझा पहिला नियम हा की हप्ता धरून सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय एकरकमी मोठी देणगी देऊ नका. तुमच्या बाबतीत ते तीन लाखाच्या आसपास जाईल. तेवढे नसतील तर ते ५० हजार त्या बाजूच्या पैशांत टाका, मनाला कितीही टोचलं तरी.

दुसरं घरचं. मी संस्थेत आले तेव्हा पहिल्या दोन वर्षांत माझंही असंच झालं होतं. पतसंस्थेतली नोकरी सोडून आले होते, डोक्यात वारं शिरलेलं. एका उन्हाळ्यात विहीर आटली, टँकरचे पैसे थकले, आणि मी माझी ३० हजारांची एफडी मोडून दिली, घरी न सांगता. नवऱ्याला पासबुक भरून आणल्यावर कळलं. ते काही बोलले नाहीत. न बोलणंच दोन महिने चाललं. पैसे गेल्याचं त्यांना एवढं नव्हतं, मला विचारलंसुद्धा नाहीस हे होतं, आणि त्यांचं बरोबर होतं. ही गोष्ट तुम्हाला अशासाठी सांगतेय की तुमचं लग्न ठरतंय. मुलगी बघायला जाल तेव्हा हप्ता किती आहे हे सांगणारच ना, तसंच महिन्याला इतके पैसे संस्थेला जातात आणि पुढे वाढवायचे आहेत हेही सांगून टाका. आवडणार नाही अशी असेल तर ते आधीच कळलेलं बरं, आणि आवडणारी भेटली तर सोन्याहून पिवळं.

तर मग किती? मी तुम्हाला एका रिटायर्ड एसटी कंडक्टरांचं सांगते. ते दर महिन्याला आमच्याकडे पैसे पाठवायचे, सुरुवातीला मनिऑर्डरने दीडशे रुपये. फॉर्मच्या तळाशी संदेशाची जागा असते तिथे फक्त तारीख लिहायचे. त्यांची एक पद्धत होती, महागाई भत्ता वाढला की जेवढा वाढला त्याचा दहावा भाग आमच्या रकमेत वाढवायचा. त्यामुळे आकडे गमतीशीर असायचे, एकशे त्र्याहत्तर, दोनशे अकरा. कधी अडीचशे करून टाका की काका असं मी फोनवर म्हटलं तर म्हणाले, "हिशेबात बसत नाही ताई." रिटायर झाल्यावर रक्कम कमी केली, तसं आधी कळवून. सतरा वर्षं एक महिना चुकला नाही. एवढ्या वर्षांत मिळून त्यांचे जेवढे आले त्याच्या दुप्पट कोणी कोणी एका चेकने दिलेत, पण बजेट मांडताना मी जमेच्या बाजूला डोळे झाकून ज्यांचं नाव लिहायचे ते हेच.

हीच पद्धत तुम्हाला लागू करते. सुरुवात महिना २ हजारांनी करा, पगाराच्या तीन टक्क्यांच्या आत बसतं. बँकेला स्टँडिंग इन्स्ट्रक्शन द्या, पगाराच्या दुसऱ्या दिवशीची. मग दर वर्षी इन्क्रिमेंट झालं की हातात जेवढे वाढले त्याचा पाचवा भाग वाढवायचा. समजा वर्षाला हातात ५ हजार वाढतात, तर १ हजार वाढवा. पाचव्या वर्षी तुम्ही महिना ६ हजारांवर असाल आणि पाच वर्षांत मिळून २ लाख ४० हजार दिलेले असतील, आणि एकदाही ओढाताण झालेली नसेल कारण वाढलेल्या पैशाची सवय लागायच्या आधीच तो निघून गेलेला असेल. तुम्हाला जास्त द्यायचंय ना, मग जास्त म्हणजे हे. इन्क्रिमेंट नाही झालं त्या वर्षी वाढवू नका, नोकरी गेली तर बंद करा, फक्त एक मेसेज टाका. बंद झाल्याचं आम्हाला वाईट वाटतं ते पैशापेक्षा न कळवल्याचं, कारण मी तो आकडा धरून किराणा भरलेला असतो.

एकरकमी देणगी वाईट असं मात्र म्हणत नाही. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ ला सुरू झालं त्यात पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी दिलेल्या १ लाखाचा मोठा वाटा होता. नवीन काही उभं राहताना असाच पैसा लागतो, वर्गणीच्या थेंबाने होत नाही. पण ते केंद्र काढणारे अवचट पतिपत्नी काय करू बघतायत ते त्यांना माहीत होतं. तुमचे ५० हजार आत्ता कोणाला द्यायचे हेच ठरलेलं नाहीये, फक्त द्यायचे एवढं ठरलंय.

आता जरा टेबलामागची गोष्ट, ही बाहेरच्या लोकांना सहसा कोणी सांगत नाही. देणाऱ्याला वस्तू द्यायला आवडतं. समजू शकते मी, वस्तू दिसते, फोटो निघतो. आमच्याकडे दर वर्षी ब्लँकेटं येतात, ७० मुलांना दीडशे ब्लँकेटं. वाढदिवसाचं जेवण, पितृपक्षातलं जेवण, १५ ऑगस्टला तर एका वर्षी सकाळी तीन ठिकाणहून जिलबी आली आणि दुपारपासून मुलं पोट धरून बसली होती. दिवाळीच्या आसपास कोठीत जागा नसते. आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कोणी नसतं. आमची खरी गर्दी तेव्हाच असते, आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले, सीझन मार्च-एप्रिलपर्यंत लांबतो, एकही मूल घरी जाऊ शकत नाही आणि तेलाचा डबा तळाला लागलेला.

सोलरचं तर ऐकाच. एका कंपनीने गच्चीवर गरम पाण्याचा सोलर बसवून दिला, उद्घाटन झालं, कंपनीच्या नावाची पाटी अजून चकचकीत आहे. दीड वर्षाने त्याचा पंप जळाला. दुरुस्तीला साडेसहा हजार. आता हे साडेसहा हजार मी कुठल्या हेडला टाकू? एका देणगीदाराचे पैसे पुस्तकांसाठी, दुसऱ्याचे मुलींच्या खोलीसाठी, तिसऱ्याचे फक्त अन्नदानासाठी, प्रत्येक पावतीवर हेतू लिहिलेला, बँकेत पैसे आहेत आणि पंप दुरुस्त करायला पैसे नाहीत. अख्खी थंडी मुलांनी चुलीवर पाणी तापवून आंघोळी केल्या, वर गच्चीत तीन लाखांचा सोलर ऊन खात उभा. त्या कंपनीचाही दोष म्हणता येत नाही. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमात बसणाऱ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा २ टक्के भाग खर्च करायचा असतो, तो प्रोजेक्ट म्हणून दाखवावा लागतो, आणि पंपाचं बेअरिंग हा काही प्रोजेक्ट होत नाही.

म्हणून तुमच्यासारख्याकडून मला एकच हवं असतं, पावतीवर हेतूच्या रकान्यात 'संस्थेच्या गरजेनुसार' असं लिहा. दोनच शब्द आहेत पण फार किमतीचे आहेत. आणि कॉर्पस असं लिहू नका, म्हणजे समजून उमजून लिहायचं असेल तर लिहा, पण बरेच जण भारदस्त शब्द वाटतो म्हणून त्या चौकोनावर टिक करतात, मग ती रक्कम कायम निधीत जाऊन बसते आणि आम्हाला वापरायला मिळतं फक्त व्याज.

याला जोडूनच तुमचा तो प्रश्न, माझ्या १०० रुपयांतले मुलांपर्यंत किती पोचतात. सगळे विचारतात, आणि विचारावंच. पण उत्तर ऐकताना एक लक्षात घ्या की आमच्याकडे ज्या मावशी पहाटे साडेचारला उठून ७० मुलांच्या भाकरी थापतात त्यांचा पगार हिशेबात आस्थापना खर्च म्हणून दिसतो. रात्री मुलाला ताप आला तर मोटरसायकलवर तालुक्याला नेणारा वॉर्डन, तो पण आस्थापना. म्हणजे पगार शून्य दाखवणारी संस्था ही जास्त प्रामाणिक असं काही नाही, बऱ्याचदा तिथे कोणीतरी फुकट राबतंय आणि दोन वर्षांत ते सोडून जाणार असतं. उलट पगार जास्त आणि काम कमी अशाही संस्था आहेत, हे आमच्याच क्षेत्रातली असून सांगते. टक्केवारीवरून ते कळत नाही, जाऊन कळतं.

कुठे द्यायचं ते कसं ठरवायचं? आनंदवनला, हेमलकशाला, शोधग्रामच्या सर्च संस्थेला जरूर द्या, तिथूनच तुम्हाला ओढ लागलीय, त्यात कमीपणा काही नाही. पण माझा सल्ला विचाराल तर एक संस्था अशी निवडा जिथे तुम्ही वर्षातून दोनदा एसटीने जाऊन संध्याकाळी परत येऊ शकता. लातूरला घर आहे तर त्या बाजूची बघा. नावं मिळवायला लोकसत्तेचा सर्वकार्येषु सर्वदा हा उपक्रम चांगला आहे, २०११ पासून गणपतीच्या दिवसांत ते दर वर्षी काही संस्थांची ओळख छापतात, जुने अंक चाळलेत तरी आपल्या जिल्ह्यातलं काहीतरी सापडतं.

जायच्या आधी फोन करा, न सांगता धडकू नका, मुलं म्हणजे काही प्रदर्शन नाही. पण सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. स्वयंपाकघर आणि संडास बघा, ऑफिस नंतर. ज्या बाई तुम्हाला चहा देतील त्यांच्याशी बोला, किती वर्षं आहात विचारा. दाखवणारा माणूस मुलांना नावाने हाक मारतो की 'ए बाळा' म्हणतो ते ऐका. कोणी तुमच्यापुढे मूल उभं करून त्याची करुण कहाणी सांगायला लावत असेल तर तिथून निघा, माझ्या मते याहून वेगळं काही तपासायची गरजच नाही. आणि मुलांबरोबर सेल्फी नको. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला बालन्याय कायद्यात बंदी आहे, पण तेही बाजूला ठेवा, आपल्या घरातल्या मुलाचा फोटो कोणी अनोळखी माणसाने स्टेटसला टाकलेला आपल्याला चालेल का.

कागद मागायला लाजू नका. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, ८० जी चं पत्र (देणाऱ्याला टॅक्समध्ये सूट मिळते ती यावर) आणि ते कधीपर्यंत चालू आहे, कारण आता ते मुदतीचं असतं. विश्वस्तांची यादी बघा. नवरा, बायको, मुलगा, जावई आणि एक गावातले डॉक्टर अशी यादी असेल तर लगेच वाईट समजू नका, बऱ्याच संस्था एका घरातूनच सुरू झाल्यात, पण मग हिशेब कोण बघतं आणि चेकवर सह्या कोणाच्या हे विचारा. मी तर म्हणते कागद मागितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो ते बघा, आम्हाला कोणी मागितले की मला आनंद होतो, एवढं मरमर करून बनवलेलं कोणीतरी वाचतंय.

टॅक्सचं पटकन. बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रकमेवर सूट मिळते, २ हजारांच्या वर रोख दिले तर नाही, आणि तुम्ही नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल (आयटीतले बहुतेक जण घेतात) तर काहीच नाही. जुन्या रिजीममध्ये असाल आणि २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, तर वर्षाला २४ हजार दिल्यावर वाचतात अडीच हजारांच्या आसपास. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फक्त पावतीसाठी येणारे लोक मला ओळखू येतात आता, त्यांचं स्वागतच आहे, पण तुम्ही टॅक्ससाठी देत नाही आहात तर त्यात वेळ घालवू नका. पॅन नंबर तेवढा न चुकता बरोबर द्या, का ते पुढे सांगते.

न्यू जर्सीच्या मित्राला एकच प्रश्न विचारा, पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर तो इथल्या आपल्या खात्यातून तुमच्यासारखाच देऊ शकतो. अमेरिकन झाला असेल, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी, तर तो परदेशी पैसा होतो, आणि ज्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी, आहे तिलाच तो चालतो, तोही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातून. आमच्याकडे एफसीआरए नाही. त्यामुळे 'मी तुझ्या खात्यात टाकतो, तू पुढे दे' असला शॉर्टकट तो सुचवेल तर नाही म्हणा. तुम्ही दोघं चांगल्या मनाने कराल आणि नोटीस संस्थेला येईल.

राहिलं नोकरी सोडायचं. सोडू नका. म्हणजे आत्ता तरी नका. महर्षी कर्व्यांनी विधवांसाठीचं काम १८९६ मध्ये सुरू केलं आणि फर्ग्युसनमधलं गणित शिकवणं १९१४ पर्यंत चालू ठेवलं. अठरा वर्षं! कॉलेज करून चालत हिंगण्याला जायचे. भाऊबीज फंड तुमच्या आजीला विचारा, घरोघरी येऊन बायका कर्व्यांच्या संस्थेसाठी भावाची ओवाळणी मागायच्या, रुपया-दोन रुपये, फूल ना फुलाची पाकळी. नोकरी आणि सेवा हे एकमेकांच्या आड येतंच असं नाही, उलट नोकरी आहे म्हणून संस्थेला तुमचं ओझं होत नाही. आमच्याकडे एक मुलगा एमबीए सोडून आला होता, मनाने सोनं, पण त्याला काय काम द्यायचं हेच आम्हाला कळेना. मुलांना शिकवायला शिक्षक होते, शेतात त्याला काही येत नव्हतं. पाच महिन्यांनी गेला, थोडा दुखावूनच.

त्यापेक्षा तुम्हाला जे येतं ते द्या. दर वर्षी ३१ मेच्या आत आम्हाला सगळ्या देणगीदारांची यादी आयकर खात्याच्या साइटवर चढवावी लागते, फॉर्म १० बीडी म्हणतात, मग त्यातून प्रत्येकाचं प्रमाणपत्र निघतं. नवा आयकर कायदा आलाय त्यात नंबरं बदलली तरी काम तेच आहे. आमचे नऊशेच्या वर देणगीदार, पॅनमधलं एक अक्षर चुकलं की ओळ परत येते, आणि मी उन्हाळ्यात पंख्याखाली बसून शून्य आहे की 'ओ' आहे ते शोधत असायचे, दोन-दोन आठवडे. चिंचवडच्या एका मुलाने, त्याने आम्हाला पैसे कधीच फार दिले नाहीत, तीन संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बसून अशी एक एक्सेल करून दिली की चुकीचा पॅन टाकला की चौकोन लाल होतो. बस एवढंच. दोन आठवड्यांचं काम आता एका दिवसात होतं. त्याला बिचाऱ्याला अजून वाटतं की आपण काही केलं नाही. तर तुमच्या संस्थेत जाल तेव्हा विचारा, तुमचं सगळ्यात कटकटीचं काम कुठलं. वेबसाइट बनवून देऊ का असं मात्र विचारू नका, वेबसाइट सगळेच देतात, मग ती चालवायला कोणी नसतं.

ते मॉलवाले ५०० पण चालू ठेवायचे की नाही ते एकदा नीट ठरवा. संस्था चांगली असेल आणि तुम्हाला तिचं काम पटत असेल तर ठेवा. फक्त बंद करायचं राहून गेलंय म्हणून जात असतील तर बंद करा आणि तेच पहिल्या दोन हजारांत धरा.

आणि आईंचा प्रश्न, मला तर सगळ्यात सोपा आणि कामाचा तोच वाटला. २०१९ च्या पुरात आम्ही काही जण सांगलीकडे मदतीला गेलो होतो, तिथे एका शाळेच्या व्हरांड्यात कपड्यांचा डोंगर पडला होता, छातीएवढा, वरून पाऊस लागून खालचे कुजायला लागलेले. त्यात फाटके ब्लाउज, एक पायमोजा, लग्नातला शेरवानीचा कोट. निवडायला माणसं लावायला लागली, ज्यांनी खरं तर चिखल काढायला हवा होता. त्यामुळे आईंना सांगा, आधी संस्थेला फोन करून विचारायचं लागतात का आणि कुठल्या मापाचे. मग धुऊन, चेन चालते का बघून, बटणं लावून, मुलांचे वेगळे मोठ्यांचे वेगळे असे गठ्ठे करून वर चिठ्ठी लावायची. आपल्या भाच्याला देताना लाज वाटेल असा कपडा त्यात घालायचा नाही. सुती साड्या मात्र कितीही जुन्या असू देत, विरलेल्या असल्या तरी चालतील, त्यांच्या गोधड्या होतात. आमच्या मावशी दुपारच्या वेळात शिवतात आणि मुलं त्या नव्या ब्लँकेटांपेक्षा गोधडीच ओढून घेतात.